ऑनलाइन विका, पण खोटं घड्याळ लावू नका

सध्या कुठल्याही छोट्या व्यावसायिकाचं फेसबुक किंवा इन्स्टा उघडून बघा, म्हणजे घरून मसाले विकणारी ताई असू दे, येवल्याचा पैठणीवाला असू दे नाहीतर देवगडचा आंबा बागायतदार, त्यांना सगळ्यात जास्त जाहिराती कसल्या दिसतात तर "ऑनलाइन सेल्स शिका" या कोर्सच्या. 99 रुपयांत वेबिनार, खाली लाल आकड्यांत उलटं पळणारं घड्याळ, शेजारी "शेवटच्या काही सीट शिल्लक". पेज बंद करून परत उघडलं की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. आणि बरेचदा त्या वेबिनारमधे शिकवतात पण हेच, की तुमच्या पेजवर असंच घड्याळ लावा, 499 ला विकायचंय तर आधी 1299 लिहून त्यावर काट मारा, स्टॉक भरपूर असला तरी "फक्त 3 शिल्लक" दाखवा, आणि ओळखीच्या दहाजणांकडून पहिल्याच दिवशी पाच स्टार घ्या.

हे मार्केटिंग नाही, ही फसवणूक आहे. ग्राहकाची तर होतेच, पण जो छोटा विक्रेता पैसे भरून हे शिकतो त्याचं यात सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून हे लिहितेय. छोट्या विक्रेत्यांची पेजं, कॅटलॉग, ऑर्डर आणि रिटर्नचा हिशोब हेच माझं रोजचं काम आहे, त्यामुळे ऑनलाइन विक्रीला माझा विरोध असण्याचा प्रश्नच येत नाही. उलट गावात बसून पुण्या-मुंबईला, बंगलोरला, पार दुबईपर्यंत माल पाठवणाऱ्या बायका मी बघते तेव्हा वाटतं की इतकी मोठी संधी आपल्या लोकांना याआधी कधी मिळालीच नव्हती. म्हणूनच ती असल्या शिकवणीने वाया जाताना बघवत नाही.

आधी पैशाचं बोलू, कारण नीतीचं बोललं की लोक म्हणतात धंद्यात असं चालत नाही. समजा अर्धा किलो गोडा मसाला 450 रुपयांना विकला. माल, डबा, लेबल, गॅस, मदतीला येणाऱ्या बाईची मजुरी धरून 250 गेले. कुरिअरचे 70. ही ऑर्डर ॲडवरून आली असेल तर त्या एका ऑर्डरमागे ॲडचे 120 धरा, जे काही फार नाहीत. हातात उरले 10 रुपये. म्हणजे पहिल्या ऑर्डरमधे जवळजवळ काहीच सुटत नाही. तीच बाई दोन महिन्यांनी स्वतःहून व्हॉट्सॲप करते, "ताई मागचा मसाला संपला, परत पाठवा", तेव्हा ॲडचा खर्च नाही आणि सरळ 130 सुटतात. घरगुती धंद्याचा सगळा नफा या दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या ऑर्डरमधे असतो. आता घड्याळ लावून घाईघाईत घ्यायला लावलेल्या गिऱ्हाइकाचं काय होतं बघा. त्याने कॅश ऑन डिलिव्हरी टाकलेलं असतं, रात्री अकराला, रील बघता बघता. चार दिवसांनी कुरिअरवाला दारात येतो तोवर ती घाई उतरलेली असते, "नको, परत न्या" म्हणतो, किंवा फोनच उचलत नाही. पार्सल परत येतं, जातानाचे 70, येतानाचे 70 आणि ॲडचे 120 असे 260 रुपये त्या ताईच्या खिशातून जातात, म्हणजे दोन जुन्या गिऱ्हाइकांनी जे कमवून दिलं ते एका परत आलेल्या पार्सलने खाल्लं. वर तो डबा फुटला, गळला तर तो माल परत विकताही येत नाही.

मोठ्या कंपनीला हे परवडतं. तिच्याकडे बाहेरून आलेलं भांडवल असतं, लाखो ऑर्डर असतात, कुरिअरचे दर तिने घासाघीस करून पाडून घेतलेले असतात, आणि रिटर्नचा भार ती बरेचदा विक्रेत्यावरच टाकून मोकळी होते. तिच्या सगळ्या युक्त्या त्या गणितावर बेतलेल्या आहेत. त्याच युक्त्या जशाच्या तशा उचलून महिन्याला शंभर-दीडशे ऑर्डर करणाऱ्या बाईला शिकवायच्या, आणि नाही जमलं की "तुमचं माइंडसेट बदला" म्हणून पुढचा पंचवीस हजारांचा कोर्स विकायचा, हे मला अत्यंत चुकीचं वाटतं.

हापूसचं उदाहरण घेते, कारण ऑनलाइन विक्रीत विश्वास म्हणजे नक्की काय ते आंब्याइतकं दुसऱ्या कशात स्पष्ट दिसत नाही. 2018 मधे कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. तरी दुसरीकडचा आंबा देवगड हापूस म्हणून खपवला जातो ही बागायतदारांची जुनी तक्रार आहे, आणि ऑनलाइन आल्यावर ती वाढली, कारण फोटोत सगळेच आंबे सोनेरी दिसतात. त्यातून हापूस हे असं फळ आहे की वरून कितीही देखणं असलं तरी आत साका, म्हणजे गराचा खराब झालेला स्पंजासारखा भाग, निघाला तर तो कापल्याशिवाय कळत नाही, बागायतदारालाही कळत नाही. आता अशा मालाला "ऑफर संपायला 14 मिनिटं" लिहून काय साधणार? गिऱ्हाइकाच्या डोक्यात प्रश्न वेगळेच असतात, आंबा खरंच देवगडचा आहे का, पिकलेला येणार की कच्चा, खराब निघाला तर तुम्ही फोन उचलणार का.

जे बागायतदार वर्षानुवर्षं थेट विकतात ते नेमकं याच प्रश्नांवर काम करतात. मोहोर उशिरा आला तर मार्चमधेच मेसेज टाकतात की यंदा पेटी एप्रिलच्या मध्याशिवाय नाही, थांबायची तयारी असेल तर नाव लिहा. पेटीत आंबा कच्चा येईल, घरी गवतात आढी लावून ठेवा, रोज एकदा वरखाली करा, सालीवर बारीक सुरकुती आली की कापा, हे बॉक्सवर छापून देतात. आणि साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या पेटीत जादा घालतो असं आधीच सांगतात. कोणी खोटे फोटो पाठवून दोन-चार आंबे उकळेल ही भीती असते, पण आपण कोणाला माल पाठवला हे विकणाऱ्याला माहीत असतं आणि फोटो बघून त्याला खरंखोटं कळतंही. 2025 च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने आणखी पुढचं पाऊल टाकलं, फळावर युनिक कोडचं स्टिकर, कोडचा एक भाग वर दिसणारा आणि एक आत लपलेला, स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की आंबा कुठला ते पडताळता येतं. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांत मराठी माणसाने केलेलं सगळ्यात चांगलं ऑनलाइन मार्केटिंग हे आहे. कारण शंका नक्की कुठे येते ते त्यांनी ओळखलं आणि तिथेच उत्तर चिकटवलं.

आता कोणी म्हणेल की घाई कधीकधी खरीच असते ना. असते की. हापूस जूनमधे संपतो, पाऊस पडला की संपला. हातमागावर विणलेली पैठणी त्या रंगात, त्या पदरात एकच असते आणि ती विकली गेली की परत तशी विणायला महिने जातात. हे गिऱ्हाइकाला सांगायलाच पाहिजे, मोठ्याने सांगायला पाहिजे, ते त्याच्या हिताचंच आहे. पैठणीवाल्यांना तर मी म्हणेन की व्हिडिओत साडी उलटी करून दाखवा, हातमागाच्या पैठणीची उलटी बाजू जवळजवळ सुलटीसारखीच दिसते आणि मशीनवरच्या साडीला मागे धागे लोंबतात नाहीतर कापलेले दिसतात, हे अर्ध्या मिनिटात दाखवता येतं आणि किंमत वीस हजार का ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सेमी पैठणी, म्हणजे मशीनवरची स्वस्त पैठणी, विकत असाल तर तसं लिहा, तिलाही भरपूर गिऱ्हाईक आहे, लग्नात द्यायला लोक तीच घेतात, लपवायची गरजच काय? माझं भांडण आहे ते गोडाऊनमधे दोनशे नग असताना "शेवटचे दोन" म्हणण्याशी.

"सगळेच करतात, आपण नाही केलं तर मागे पडू", हे मी रोज ऐकते आणि यामागची भीती खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. शेजारच्या पेजवर 70 टक्के ऑफ दिसत असताना आपला पूर्ण भाव लिहायला धाडस लागतं, पहिले काही महिने ऑर्डर कमी येतात हेही खरंय. पण म्हणूनच हा प्रश्न एकेकट्या विक्रेत्याच्या सचोटीवर सोडून चालणार नाही. खोटं बोलणाऱ्याला फायदा आणि खरं बोलणाऱ्याला तोटा अशी बाजाराची रचना असेल तर ती रचना सरकारने बदलली पाहिजे, आणि गंमत नाही, गंभीरपणे सांगते, त्यासाठीचे बरेचसे कायदे आपल्याकडे ऑलरेडी आहेत.

2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. 2020 चे ई-कॉमर्सचे नियम आहेत, ज्यात आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटीला ग्राहकाची संमती धरायची नाही असं आहे, विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायला मनाई आहे, आणि तक्रार आल्यावर 48 तासांत पोच द्यायची, महिन्याभरात निकाली काढायची असंही आहे. मग 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ग्राहकाला फसवून नको ते करायला लावणाऱ्या ॲप-वेबसाइटवरच्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि 13 प्रकार नावानिशी सांगितले. खोटी घाई त्यात पहिलीच आहे. न विचारता कार्टमधे डोनेशन नाहीतर इन्शुरन्स टाकणं, शेवटच्या पायरीवर वेगवेगळे चार्ज जोडत किंमत वाढवणं, "नको, मला पैसे वाचवायचे नाहीत" असलं बटण दाबायला लावून लाज वाटेल असं करणं, मेंबरशिप घ्यायला एक क्लिक आणि सोडायला दहा पानं, हे सगळं त्यात आहे. आणि हे नुसतं मोठ्या ॲपला नाही, जाहिरात करणाऱ्याला आणि विक्रेत्यालाही लागू आहे. म्हणजे ते घड्याळ लावायला शिकवणारा गुरू तुम्हाला बेकायदेशीर गोष्ट शिकवतोय, आणि उद्या तक्रार झाली तर नाव तुमचं येणार आहे, त्याचं नाही.

नियम आहेत मग अडलं कुठे? अंमलबजावणीत. जून 2025 मधे सरकारने ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं की तीन महिन्यांत आपापलं ऑडिट करा आणि आमच्याकडे डार्क पॅटर्न नाहीत ते बघा. म्हणजे विद्यार्थ्यानेच पेपर लिहायचा आणि त्यानेच तपासायचा. याने काय होणार? ऑडिट बाहेरच्या माणसाने केलं पाहिजे, त्याचा निकाल लोकांना वाचता आला पाहिजे, आणि दोष सापडला तर दंड असा हवा की त्या युक्तीतून मिळालेल्या पैशापेक्षा तो जास्त भरेल. अमेरिकेत सप्टेंबर 2025 मधे ॲमेझॉनने, लोकांना नकळत प्राइम मेंबर करून घेतलं आणि मेंबरशिप सोडणं अवघड केलं या आरोपांच्या प्रकरणात, 250 कोटी डॉलरवर तडजोड केली, त्यातले 150 कोटी ग्राहकांना परत देण्यासाठी. तिथल्या ग्राहकाला ज्यासाठी पैसे परत मिळू शकतात त्यासाठी आपल्याकडच्या ग्राहकाने फक्त चडफडत का बसायचं?

आणखी एक नियम आपल्याकडे यायला हवा असं मला फार वाटतं. युरोपियन युनियनमधे मे 2022 पासून दुकानदाराला डिस्काउंट जाहीर करायचा असेल तर आधीची किंमत म्हणून मागच्या 30 दिवसांतली सगळ्यात कमी किंमत दाखवावी लागते. मनाला येईल तो आकडा लिहून त्यावर काट मारता येत नाही. आपल्याकडे छापील एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही, पण एमआरपी मुळात किती छापायची याला बहुतेक वस्तूंत धरबंधच नाही, त्यामुळे 1999 छापायचं आणि वर्षभर 599 ला विकायचं, दिवाळीत 549 करून "महासेल" म्हणायचं, हे राजरोस चालतं. तीस दिवसांचा नियम आला तर हे एका दिवसात बंद होईल, आणि सगळ्यात जास्त फायदा कोणाला होईल तर वर्षभर एकच भाव ठेवणाऱ्या प्रामाणिक माणसाला. आज तोच महाग दिसतो.

रिव्ह्यूचं थोडं सांगते. पार्सलमधे चिठ्ठी येते, "5 स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, 50 रुपये मिळवा". ऑनलाइन रिव्ह्यूसाठी भारतीय मानक 2022 मधे आलंय, आयएस 19000, पण ते ऐच्छिक आहे. ते मोठ्या प्लॅटफॉर्मना सक्तीचं करायला पाहिजे एवढंच. आणि विक्रेत्यांना माझं सांगणं असतं की विकत घेतलेल्या पन्नास रिव्ह्यूंपेक्षा एक तीन स्टारचा खरा रिव्ह्यू आणि त्याखाली तुमचं नीट उत्तर जास्त कामाचं. "चव छान होती पण डबा गळला" असं कोणी लिहिलं आणि खाली "ताई, तेव्हापासून आतून सील लावतो, तुम्हाला नवा डबा पाठवलाय" असं दिसलं की वाचणारी दुसरी बाई तिथेच ऑर्डर टाकते.

मग करायचं काय, असं विचारणाऱ्यांना मी व्हॉट्सॲपकडे बोट दाखवते. बिझनेस ॲपमधली साधी ब्रॉडकास्ट लिस्ट घ्या, एका लिस्टमधे 256 जण बसतात आणि मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमधे सेव्ह केलाय. खूप जणांना ही अडचण वाटते, मला ही त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. नंबर कोण सेव्ह करतं? ज्याला माल आवडला, ज्याला तुम्ही परत हवे आहात. अशी दोन-तीनशे माणसं जमवली तर घरगुती धंदा नीट चालतो, आणि ती जमतात ती सरळ वागण्याने, म्हणजे डिलिव्हरीसकट पूर्ण किंमत पहिल्याच फोटोखाली लिहायची, "इनबॉक्स करा" म्हणून लटकवायचं नाही, लेबलवर पत्ता, तारीख आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा नोंदणीचा नंबर स्पष्ट ठेवायचा, उशीर होणार असेल तर गिऱ्हाइकाने विचारायच्या आत आपण सांगायचं, आणि रोज सकाळी गुड मॉर्निंगची फुलं पाठवून नंबर ब्लॉक करून घ्यायचा नाही. महालक्ष्मी सरसच्या प्रदर्शनात बचत गटाच्या बायका हे न शिकता करतात. चिमूटभर चटणी हातावर देतात, भाकरीचा तुकडा देतात, मग नंबर देतात, आणि पुढे वर्षभर त्याच नंबरवर ऑर्डर येत राहतात. तिथे जमलेले नंबर नीट जपणं आणि त्यावर वर्षातून सात-आठ वेळा कामाचा मेसेज पाठवणं, एवढी ऑनलाइनची जोड मिळाली तरी त्यांचं पुष्कळ काम होतं.

आणि ग्राहकांनीही एकत्र यावं. आपल्याकडे ही परंपरा आहे, मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून कुटुंबांचे गट करून एकत्र माल घेते आणि वाटते, तेव्हा ना ॲप होतं ना इंटरनेट. आज सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी एकाने पुढाकार घेऊन एकाच बागायतदाराकडून तीस पेट्या मागवल्या तर गाडीभाडं वाटून जातं, बागायतदाराला ॲडवर पैसा घालावा लागत नाही, आणि माल खराब निघाला तर तीस घरं एका आवाजात बोलतात. विकणारा आणि घेणारा दोघांचा फायदा, मधे कोणाचं घड्याळ नाही.

राज्य सरकारला माझी मागणी अगदी साधी आहे. उमेद (ग्रामीण जीवनोन्नती अभियान), माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), जिल्हा उद्योग केंद्र यांच्यामार्फत डिजिटल मार्केटिंगचं जे ट्रेनिंग दिलं जातं त्यात डार्क पॅटर्नच्या या 13 प्रकारांचा मराठीतला सोप्या भाषेतला तास सक्तीचा करा, खऱ्या स्क्रीनशॉटसकट, हे चालतं आणि हे चालत नाही असं दाखवून. कॅश ऑन डिलिव्हरी, रिटर्न आणि दुसऱ्या ऑर्डरचा वर मांडलेला हिशोब तिथे वहीवर प्रत्येकीकडून तिच्या स्वतःच्या मालाचा करून घ्या. शिकवायला एखादा देवगडचा बागायतदार बोलवा, एखादी दहा वर्षं पापड-भाजणी पाठवणारी ताई बोलवा, त्यांना चांगलं मानधन द्या. आणि ज्यांनी 99 रुपयांच्या घड्याळवाल्या पेजवर आधीच पैसे घातलेत त्यांनी त्या पेजचा स्क्रीनशॉट काढून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, फोन फुकट आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.